नाव मतदार यादीत, मतदार परदेशात : अनिवासी भारतीयांच्या मतदानाचा हक्क कागदावरून मतपेटीपर्यंत का पोहोचत नाही?

नवी दिल्ली : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून १ लाख १९ हजार ३७४ भारतीय नागरिकांची नावे देशभरातील मतदार याद्यांत नोंदलेली होती. त्यांपैकी प्रत्यक्ष मतदान केंद्रावर येऊन मत दिले ते अवघ्या २ हजार ९५८ जणांनी. हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. नोंदणीसाठी अर्ज करणे, पारपत्राच्या प्रती जोडणे आणि पडताळणीची वाट पाहणे एवढे सारे करणारा नागरिक मतदानाच्या बाबतीत उदासीन होता, असे म्हणणे कठीण आहे. त्याच्या आणि मतदान यंत्राच्या मध्ये उभी असते ती कायद्यातील एक अट. यादीत नाव असलेल्या परदेशस्थ मतदाराने मतदानाच्या दिवशी आपल्या मतदारसंघातील केंद्रावर स्वतः उपस्थित राहिले पाहिजे, असे ही अट सांगते.

परराष्ट्र मंत्रालयाच्या माहितीनुसार भारतीय नागरिकत्व कायम ठेवून परदेशात राहणाऱ्यांची संख्या सुमारे दीड कोटी आहे. एकट्या संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. या दीड कोटींत अल्पवयीन मुलेही आहेत, हे गृहीत धरले तरी मतदार याद्यांतील सव्वा लाखाच्या आतली नोंद फारच तोकडी ठरते. कायद्याने हक्क दिला, परंतु तो बजावण्याचा मार्ग दिला नाही, अशी ही स्थिती आहे. ती कशी निर्माण झाली, ती बदलण्याचे प्रयत्न कोठे अडले आणि त्यातील खरे पेच कोणते, याचा हा आढावा.

२०११ पूर्वीची स्थिती

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकाराचा पाया घातला. मात्र नाव कोणत्या मतदारसंघाच्या यादीत असावे, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० ठरवितो. या अधिनियमाच्या कलम १९ नुसार नाव नोंदविण्यासाठी व्यक्ती त्या मतदारसंघाची ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावी लागते. तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे हे रहिवासीपण संपत नाही, असे कलम २० सांगते. परंतु वर्षानुवर्षे दोहा, मस्कत किंवा न्यू जर्सी येथे नोकरी करणाऱ्याची अनुपस्थिती तात्पुरती मानली जात नसे. परिणामी भारतीय पारपत्र हाती असूनही अशा नागरिकाला यादीत स्थान नव्हते.

अनिवासी भारतीयांची मताधिकाराची मागणी जुनी आहे. २००६ मध्ये यासंबंधीचे एक विधेयक राज्यसभेत मांडण्यात आले. जानेवारी २०१० मध्ये प्रवासी भारतीय दिवसाच्या कार्यक्रमात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अनिवासी भारतीयांना पुढील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मतदान करता यावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती संमत केली आणि मूळ अधिनियमात कलम २०-अ समाविष्ट झाले. १० फेब्रुवारी २०११ पासून ही तरतूद अंमलात आली.

परदेशस्थ मतदार कोणाला म्हणावे?

रोजगार, शिक्षण किंवा अन्य कारणाने भारतातील आपल्या निवासस्थानापासून दूर परदेशात राहणारा, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेला आणि अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व न स्वीकारलेला भारतीय नागरिक म्हणजे परदेशस्थ मतदार. त्याच्या पारपत्रावर भारतातील जो पत्ता असेल, त्या पत्त्याच्या मतदारसंघात त्याचे नाव नोंदविले जाते. मतदारसंघ निवडण्याची मुभा त्याला नसते.

येथे नागरिकत्वाची अट निर्णायक आहे. भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. म्हणून अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडाचे नागरिकत्व घेतलेली भारतीय वंशाची व्यक्ती, तिच्याकडे ‘ओसीआय’ कार्ड असले तरी, भारतात मतदार होऊ शकत नाही. गोव्यातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग उपलब्ध आहे. तो स्वीकारून पोर्तुगीज नागरिक झालेल्या गोमंतकीयाचे भारतीय नागरिकत्व संपते आणि त्याबरोबर मताधिकारही संपतो.

व्यापारी जहाजांवरील खलाशी आणि अधिकारी यांची स्थिती आणखी वेगळी आहे. कोकण किनाऱ्यावरील कितीतरी घरांतील कमावता माणूस वर्षातील अनेक महिने समुद्रावर असतो. त्याची अनुपस्थिती तात्पुरती असल्याने त्याचे नाव गावच्या यादीत राहते. मात्र मतदानाच्या दिवशी जहाज कोठे असेल, हे त्याच्या हाती नसते. त्याला टपाली मतदानाचीही सोय नाही, कारण सैन्यदलांप्रमाणे तो कायद्यातील सेवा मतदारांच्या व्याख्येत बसत नाही.

नोंदणी कशी होते?

परदेशस्थ मतदाराला ‘नमुना ६-अ’ भरावा लागतो. हा अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो किंवा संबंधित मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालाने पाठविता येतो. सोबत पारपत्राच्या संबंधित पानांच्या आणि वैध व्हिसाच्या प्रती जोडाव्या लागतात. त्यानंतर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पारपत्रावरील भारतातील पत्त्यावर जाऊन पडताळणी करतो. अर्ज मान्य झाल्यास त्या भागाच्या यादीच्या शेवटी परदेशस्थ मतदारांच्या स्वतंत्र विभागात नाव समाविष्ट होते.

या मतदाराला मतदार ओळखपत्र दिले जात नाही. मतदान केंद्रावर त्याने मूळ पारपत्र दाखवायचे असते. कायमस्वरूपी भारतात परतल्यास त्याने तसे कळवून सर्वसाधारण मतदार म्हणून नव्याने नोंदणी करायची असते.

प्रक्रिया फार किचकट नाही. प्रश्न आहे तो तिच्या फलिताचा. एवढे सारे करून हाती येते ते फक्त विमानाचे तिकीट काढून येण्याचे स्वातंत्र्य. म्हणून परदेशी गेलेले अनेक जण नमुना ६-अ भरतच नाहीत. जुन्या यादीतील त्यांचे नाव तसेच राहते. सुट्टी आणि निवडणूक यांचा योग जुळला, तर ते मत देतात. कायद्याच्या दृष्टीने ही स्थिती योग्य नाही, आणि तिचे परिणाम कसे होऊ शकतात हे केरळमधील एका निवडणुकीने दाखविले.

२०१६ च्या विधानसभा निवडणुकीत कासरगोड जिल्ह्यातील मंजेश्वर मतदारसंघात मुस्लिम लीगचे पी. बी. अब्दुल रझाक यांनी भारतीय जनता पक्षाचे के. सुरेंद्रन यांचा ८९ मतांनी पराभव केला. मृत व्यक्ती आणि मतदानाच्या दिवशी परदेशात असलेल्या व्यक्ती यांच्या नावे मते टाकली गेली, असा आरोप करीत सुरेंद्रन यांनी केरळ उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. खटला रेंगाळला, २०१८ मध्ये आमदार रझाक यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी याचिका मागे घेण्यात आली. आरोप सिद्ध झाले नाहीत. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. गावात नसलेल्या माणसाचे नाव सर्वसाधारण यादीत राहिले की त्याच्या नावावरील मताबद्दल शंका घेण्यास जागा उरते.

केरळ आणि उर्वरित भारत

२०२४ च्या आकड्यांचा तपशील पाहिला तर चित्र अधिक विषम दिसते. नोंदलेल्या परदेशस्थ मतदारांपैकी ८९ हजार ८३९, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, एकट्या केरळमधील होते. प्रत्यक्ष मतदान केलेल्या २ हजार ९५८ जणांपैकी २ हजार ६७० केरळचेच होते. उर्वरित संपूर्ण देशातून मिळून २८८ परदेशस्थ नागरिकांनी मत दिले.

महाराष्ट्रात ५ हजार ९७ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. त्यांपैकी १७ जणांनी मतदान केले. गुजरातमध्ये ८८५ पैकी दोघांनी मत दिले. गोव्यात ८४ आणि बिहारमध्ये ८९ नावे यादीत होती, परंतु या दोन्ही राज्यांत एकही परदेशस्थ मतदार केंद्रापर्यंत पोहोचला नाही.

केरळचे वेगळेपण समजण्यासारखे आहे. तेथील आखाती स्थलांतराला अर्धशतकाचा इतिहास आहे. आखातातून केरळला जाणारी विमाने अनेक आहेत आणि प्रवास काही तासांचा आहे. स्थलांतरितांच्या संघटना निवडणुकीच्या काळात मतदारांसाठी विमानांची व्यवस्था करतात, त्यामुळे ‘व्होट विमानम्’ हा शब्द तेथील वृत्तपत्रांत रूढ झाला आहे. मात्र इतकी संघटित यंत्रणा असूनही केरळच्या परदेशस्थ मतदारांपैकी ९७ टक्के मतदान करू शकले नाहीत. प्रत्यक्ष उपस्थितीची अट उत्साहाने किंवा संघटनेने ओलांडता येण्याजोगी नाही, हे यावरून दिसते.

ही अट सर्वांना सारखीच लागू असली तरी तिचा भार सारखा नाही. स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या मर्जीने रजा घेऊन येऊ शकणारा व्यावसायिक मत देऊ शकतो. दोन वर्षांतून एकदा रजा मिळणारा बांधकाम कामगार किंवा घरकाम करणारी स्त्री मत देऊ शकत नाही.

सैनिकासाठी टपाल, नागरिकासाठी प्रवास

कर्तव्यामुळे घरापासून दूर असलेल्या मतदारासाठी भारतीय कायद्यात व्यवस्थाच नाही, असे मात्र नाही. सशस्त्र दलांचे सदस्य, राज्याबाहेर तैनात असलेले राज्य सशस्त्र पोलीस आणि परदेशातील भारतीय दूतावासांत नेमणूक झालेले केंद्र सरकारचे कर्मचारी हे ‘सेवा मतदार’ असतात. ते टपालाने मत देऊ शकतात. सशस्त्र दलांतील मतदाराला प्रतिनिधीमार्फत मतदानाचाही पर्याय आहे. त्यासाठी तो मतदारसंघात राहणाऱ्या विश्वासू व्यक्तीची नेमणूक करतो. ती व्यक्ती स्वतःचे मत वेगळे देते, आणि प्रतिनिधी म्हणून मत देताना तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावली जाते.

पूर्वी सेवा मतदाराकडे मतपत्रिका टपालाने जाई आणि टपालानेच परत येई. दुर्गम सीमेवरील चौकीपर्यंत ती पोहोचून परत येण्याआधीच बहुधा मतमोजणी उरकलेली असे. २०१६ मध्ये नियम बदलण्यात आले आणि निवडणूक आयोगाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेच्या साहाय्याने नवी प्रणाली आणली. तिचे संक्षिप्त नाव ‘ईटीपीबीएस’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविल्या जाणाऱ्या टपाली मतपत्रिकेची प्रणाली. पुदुच्चेरीतील नेल्लिथोपे पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली.

या पद्धतीत मतपत्रिका सांकेतिक रूपात संगणकाद्वारे मतदारापर्यंत पोहोचते. मतदार संकेतांक वापरून ती उघडतो, छापून घेतो, पसंतीच्या उमेदवारापुढे खूण करतो आणि एका पाकिटात बंद करतो. सोबत साक्षांकित केलेले घोषणापत्र जोडले जाते. हे सारे बाहेरच्या पाकिटात घालून साध्या टपालाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठविले जाते. मतमोजणीच्या वेळी पाकिटावरील क्यूआर संकेत तपासून एका मतदाराचे एकच मत आले आहे याची खात्री केली जाते. म्हणजे जाताना मतपत्रिका विजेच्या वेगाने जाते आणि येताना टपालाने येते. मत स्वतः इंटरनेटवरून प्रवास करीत नाही, म्हणून ते वाटेत बदलले जाण्याची भीती कमी राहते.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत १८ लाखांहून अधिक सेवा मतदारांची नोंद होती. आयोगाच्या माहितीनुसार त्यांपैकी १० लाख ८४ हजार २६६ जणांची मते परत आली. हे प्रमाण ६० टक्क्यांच्या किंचित वर होते. एका बाजूला ६० टक्के आणि दुसऱ्या बाजूला अडीच टक्के, हा फरक मतदारांच्या निष्ठेचा नसून उपलब्ध साधनाचा आहे.

देशांतर्गतही कायद्याने उपस्थितीची अट काही प्रमाणात शिथिल केली आहे. २०१९ मध्ये नियमांत ‘अनुपस्थित मतदार’ ही संकल्पना आली. ८५ वर्षांवरील ज्येष्ठ आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले मतदार आता घरूनच टपाली मतपत्रिकेद्वारे मत देऊ शकतात. परदेशस्थ मतदार मात्र या व्यवस्थेबाहेर आहे.

न्यायालय, आयोग आणि संसद

हा भेदभाव असल्याचे सांगत २०१३ आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. त्यांपैकी एक अबूधाबीस्थित डॉक्टर आणि उद्योजक शमशीर वायलिल यांची होती. प्रत्यक्ष उपस्थितीची अट अनुच्छेद १४ मधील समानतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा मुद्दा त्यांनी मांडला.

या सुनावणीच्या अनुषंगाने निवडणूक आयोगाने समिती नेमली. तिने दूतावासांत मतदान, ऑनलाइन मतदान, टपाली मतदान आणि प्रतिनिधीमार्फत मतदान या पर्यायांचा विचार केला. ऑक्टोबर २०१४ च्या अहवालात तिने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविलेली टपाली मतपत्रिका आणि प्रतिनिधीमार्फत मतदान हे दोन पर्याय व्यवहार्य ठरविले. केंद्र सरकारने समितीच्या शिफारशी तत्त्वतः मान्य केल्या.

त्यानंतर सरकारने प्रतिनिधीमार्फत मतदानाचा मार्ग निवडला. त्यासाठीचे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ९ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे संमत झाले. राज्यसभेत मात्र ते विचारार्थ येऊ शकले नाही. २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि तिने संमत केलेले हे विधेयकही व्यपगत झाले.

नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणूक आयोगाने विधी मंत्रालयाला पत्र पाठवून वेगळी दिशा सुचविली. सेवा मतदारांसाठीची प्रणाली परदेशस्थ मतदारांनाही लागू करावी, आणि २०२१ मधील आसाम, केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल व पुदुच्चेरी येथील निवडणुकांसाठी आपली तांत्रिक व प्रशासकीय तयारी आहे, असे आयोगाने कळविले. यासाठी अधिनियमात नव्हे, तर निवडणूक संचालन नियमांत बदल पुरेसा होता. त्या निवडणुका झाल्या, पण नियम बदलले नाहीत.

१ नोव्हेंबर २०२२ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ही प्रकरणे निकाली काढली. परदेशस्थ भारतीय आणि स्थलांतरित कामगार यांच्या मतदानासाठी सरकार मार्ग शोधत आहे, या महान्यायवादींच्या आश्वासनाची न्यायालयाने नोंद घेतली. त्याच वर्षाअखेर आयोगाने ७२ मतदारसंघांचे मतदान हाताळू शकणाऱ्या दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. मात्र तो देशांतर्गत स्थलांतरितांसाठी होता.

आक्षेप कोणते?

सरकारी यंत्रणेचा विलंब हे या प्रश्नाचे एकमेव कारण नाही. सुचविलेल्या प्रत्येक मार्गावर विचार करण्याजोगे आक्षेप आहेत.

प्रतिनिधीमार्फत मतदानात गुप्ततेचा प्रश्न येतो. मतदाराने आपली पसंती प्रतिनिधीला सांगावी लागते, आणि प्रतिनिधीने त्याप्रमाणेच मत दिले की नाही, हे तपासण्याचा मार्ग नसतो. सैनिकाच्या बाबतीत ही जोखीम स्वीकारली गेली, कारण मतदारांचा हा गट मर्यादित आणि शिस्तबद्ध आहे. लक्षावधी नागरिकांच्या बाबतीत एकाच कुटुंबातील वडीलधाऱ्याने सर्वांची मते ठरविणे किंवा स्थानिक कार्यकर्त्यांनी प्रतिनिधिपत्रे गोळा करणे अशक्य नाही.

टपाली मतपत्रिकेत दबावाचा प्रश्न आहे. मतदान केंद्रातील आडोसा मतदाराला एकांताची हमी देतो. कामगार वसाहतीतील सामायिक खोली तशी हमी देत नाही. ज्याचे पारपत्र आणि निवास मालकाच्या ताब्यात आहे, त्या कामगाराला मोकळेपणाने खूण करता येईल काय, हा प्रश्न गंभीर आहे.

साक्षांकनाचा भारही मोठा आहे. घोषणापत्रावर सही करण्यासाठी मतदाराने दूतावासात जावे, असे ठरले तर शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या कामगारासाठी अडथळा फक्त जागा बदलतो. दूतावासांचे मनुष्यबळ मर्यादित आहे. शिवाय ज्या देशांत स्वतः निवडणुका होत नाहीत, तेथे अशा प्रक्रियेसाठी यजमान देशाची संमती मिळणे गृहीत धरता येत नाही. दूतावासातच मतदान केंद्र उघडायचे झाले, तर एकाच ठिकाणी ५४३ लोकसभा मतदारसंघांपैकी कोणत्याही मतदारसंघाचा मतदार येऊ शकतो, आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र उमेदवार यादी लागते.

दिवसांचे गणित

या सर्वांहून कमी चर्चिला गेलेला मुद्दा वेळेचा आहे. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका तयार होऊ शकत नाही, आणि टपाली मत मतमोजणी सुरू होण्यापूर्वी पोहोचले नाही तर ते मोजले जात नाही. टपाली मतदाराला मिळणारा अवधी या दोन टोकांमधला असतो.

२०२४ ची लोकसभा निवडणूक सात टप्प्यांत झाली आणि मतमोजणी ४ जून रोजी झाली. पहिल्या टप्प्यातील नागपूर किंवा चंद्रपूर येथे माघारीची मुदत ३० मार्च रोजी संपली. म्हणजे तेथील टपाली मतदाराला ६६ दिवस होते. पाचव्या टप्प्यातील मुंबईत ही मुदत ६ मे रोजी संपली आणि २९ दिवस उरले. अखेरच्या टप्प्यात, जेथे माघार १७ मेपर्यंत होती, केवळ १८ दिवस मिळाले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत माघारीची मुदत ४ नोव्हेंबर रोजी संपली आणि मतमोजणी २३ नोव्हेंबर रोजी झाली. हा अवधी १९ दिवसांचा होता.

मतपत्रिका एका क्षणात पोहोचली तरी परतीचे टपाल एका क्षणात येत नाही. साक्षांकन आणि आंतरराष्ट्रीय टपाल यांसाठी १८ दिवस पुरतील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून नियम बदलताना निवडणूक वेळापत्रकाचा विचार टाळता येणार नाही. तसे न झाल्यास एकाच निवडणुकीत नागपूरच्या मतदाराचे मत वेळेत पोहोचेल आणि अखेरच्या टप्प्यातील मतदाराचे वाटेतच राहील.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेत सैनिक आणि परदेशस्थ नागरिक यांच्या टपाली मतदानासाठी १९८६ पासून केंद्रीय कायदा आहे. २००९ च्या दुरुस्तीने मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठविणे बंधनकारक केले. वेळेचे गणित कायद्यातच सोडविण्याचा हा प्रयत्न होता. ब्रिटनमध्ये परदेशी जाऊन १५ वर्षे झालेल्या नागरिकाचा मताधिकार संपत असे. ही मर्यादा जानेवारी २०२४ पासून उठविण्यात आली. तेथील परदेशस्थ मतदार टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत मत देऊ शकतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पाच वर्षांची तशीच मर्यादा घटनाबाह्य ठरविली.

फ्रान्स आणि इटली यांनी निराळा मार्ग निवडला. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत परदेशस्थ नागरिकांसाठी ११ मतदारसंघ आहेत. इटलीच्या संसदेतही त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत. भारतात लोकसभेच्या जागा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांच्याशी जोडलेल्या असल्याने असा बदल घटनादुरुस्तीशिवाय शक्य नाही. भारताप्रमाणेच मोठ्या प्रमाणावर कामगार परदेशी पाठविणाऱ्या फिलिपिन्सने २००३ मध्येच परदेशस्थ अनुपस्थित मतदानाचा कायदा केला. एस्टोनियाने २००५ पासून इंटरनेटवरून मतदान सुरू केले. मात्र अगदी लहान लोकसंख्येच्या देशाचा अनुभव जसाच्या तसा भारताला लागू पडणार नाही.

एका मताचे मोल

परदेशस्थ मते निकाल बदलू शकतात काय? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांच्यावर ४८ मतांनी विजय मिळविला. अशा ठिकाणी काही डझन मतेही निर्णायक ठरू शकतात.

त्याचबरोबर घाईने आखलेली टपाली व्यवस्था नवे वाद जन्माला घालू शकते, याचेही उदाहरण भारतातच आहे. २०२१ मध्ये केरळमधील पेरिंतलमण्णा मतदारसंघात विजयाचे अंतर ३८ मतांचे होते, तर तांत्रिक त्रुटींमुळे न मोजलेल्या टपाली मतांची संख्या ३४० हून अधिक होती. पराभूत उमेदवार न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळीपर्यंत निकालावर सावट राहिले. अमेरिकेत २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांवर ठरला, तेव्हा उशिरा आलेल्या परदेशस्थ मतपत्रिका स्वीकाराव्यात की नाही, हा मोठ्या वादाचा विषय झाला होता.

सर्वच मतदारसंघांत एकाच वेळी ही व्यवस्था लागू करणे हा एकमेव पर्याय नाही. काही राज्ये किंवा काही देशांपासून तिची सुरुवात करता येईल. मात्र ज्यांना प्रवास सर्वाधिक अवघड आहे, त्या आखाती कामगारांना पहिल्या टप्प्यातून वगळल्यास मूळ विषमता कायम राहील. साक्षांकन सोपे करणे, मतमोजणीपूर्वी पुरेसा अवधी ठेवणे आणि मतपत्रिका नाकारण्याची कारणे आधीच स्पष्ट करणे, या तीन गोष्टी कोणत्याही योजनेत असाव्या लागतील.

तोपर्यंत नियम जुनाच आहे. परदेशात राहणाऱ्या पात्र भारतीय नागरिकाला नमुना ६-अ भरून आपले नाव नोंदविता येते. यासाठी शुल्क आकारले जात नाही, आणि सर्वसाधारण यादीत राहून पुढे आक्षेपास तोंड देण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. मतदानाच्या दिवशी मात्र त्याने मूळ पारपत्र घेऊन आपल्या गावातील किंवा शहरातील केंद्रावर हजर राहावे लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील १७ परदेशस्थ मतदारांना ते जमले. यादीतील उरलेले ५ हजार ८० जण मतदानापासून दूर राहिले.